उणे विसाची तबकडी पूजेस बसली त्याची हकीकत

श्री. वीज न जावो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी तबकडी वाचली, फत्ते झाली. पुढे ही गोष्ट घडलीच नाही असे दरबारी ठरले, सबब न घडले ते घडल्या क्रमाने लिहिले आहे.

राज्यात भुयारी महायंत्र बांधावयाचे होते, आणि त्यातील कणांचा मारा सोसून कण टिपील अशी सिलिकॉनची तबकडी पाहिजे होती. ती चाचणीनवीस मृदुलाबाई खासनीस यांणी तीन वर्षे खपून सिद्ध केली, आणि अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा भडिमार सोसविला, आणि मग जखमा जैशा तैशा राहाव्या म्हणोन उणे वीस अंशांच्या शीतपेटीत निजविली. विजेची गळती हद्दीबाहेर गेली तर तबकडी बाद आणि बाईंची तीन वर्षे बाद, ऐसा करार. मोजणीचे सकाळी पेटी उघडोन पाहतात तो आत काही नाही. मग पेटीचे किल्लेदार बाळोबा पानवलकर यांस पुसिले, "बाळोबा, तबकडी कुठंय?"

"देवापुढं, बाईसाहेब. खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला बसली, तिनंच काय घोडं मारलंय?"

"चार दिवस झाले! अहो, तिला थंडीत ठेवायचं होतं!"

"थंडीतनंच आणली. गारठली होती बिचारी. शाल पांघरलीय."

बाई देवापुढे धावल्या, आणि झेंडू सारून तबकडी यंत्रास लाविली, तो गळती हद्दीच्या निम्मी! उबेने जखमा भरतात, ऊब अति झाली तर पुन्हा चिघळतात, हे बाई जाणत होत्या. चार दिवस नेमके बेताचे पडले. लबाडी अंगी नाही, सबब वहीत खरे लिहिले: चार दिवस, पंचवीस अंश, झेंडू, शाल.

वही वाचोन दिवाणसाहेब बोलिले, "उबेनं झालं की झेंडूनं?"

"झेंडूनं कसं होईल, साहेब?"

"मोजलंत?"

मोजले नव्हते. मग फत्ते रद्द जाहली, आणि महिनाभरात सर्व विधी हुबेहूब, परंतु एकेक कारण वेगळे करोन दाखवावे, ऐसा हुकूम सुटला. बाळोबा म्हणाले, "तिथीशिवाय पूजा? ते आपल्याच्यानं होणार नाही."

एवंच, तबकडी जिवंत, निकाल मयत. तरी समस्त पंचांगकर्त्यांस विनंती की, येत्या कार्तिकात जादा खंडेनवम्या तीन मंजूर व्हाव्या: एक निव्वळ उबेची, एक झेंडूची, एक शालीची. शाल आमची आम्ही आणू.