स्टेपनी काय म्हणाली?

ताईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमका त्याच आठवड्यात तिच्या लाडक्या रहस्यकथा-मालिकेचा शेवटचा भाग बाजारात आला. डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली होती. ताई डोळ्यांवर पट्टी आणि मांडीवर कोरं करकरीत पुस्तक घेऊन नुसता पानांचा वास घेत बसली. ते बघवेना म्हणून धाकटा भाऊ म्हणाला, "आण इकडे. मी वाचून दाखवतो."

भाऊ विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. लोकांनी पानंच्या पानं लिहिलेल्या हकिगतींतून गाडी कुणी ठोकली आणि चूक कुणाची एवढंच उचलायचं, बाकीच्या मजकुरावरून नजर घसरू द्यायची, यात त्याचा हातखंडा होता. आणि ही मालिका तर एका टॅक्सीची स्टेपनी सांगायची! टॅक्सीवाला गुन्हे शोधत फिरायचा. ती डिकीच्या अंधारात पडल्या पडल्या कानावर येईल त्यावरून गोष्ट जुळवायची आणि मधेच भरकटायची. या भागात सुरुवातीलाच ती शेजारी टाकलेल्या ओल्या छत्रीशी कडाकडा भांडत होती.

भावाने थोडं वाचलं, जांभई दिली आणि पुढची पानं चाळली. खून बराच पुढे होता. तो थेट तिथेच उतरला.

"अरे, छत्री कुठे गेली?" ताईने विचारलं.

"वाळली," भाऊ म्हणाला.

ते जाडजूड पुस्तक दोन बैठकांत निकालात निघालं.

"संपलं?"

"संपलं. मेहुणाच खुनी निघाला. मला आधीच संशय होता."

"आणि ती काहीच म्हणाली नाही?"

"कोण?"

"स्टेपनी रे!"

"ती काय म्हणणार? चाक आहे ते."

ताईने हात पुढे करून पुस्तक चाचपलं. मग म्हणाली, "लेखक थकला."

दुसऱ्या दिवशी खालच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन वर आल्या. दोघींची मैत्रीच मुळी या मालिकेवरून जुळलेली.

"शेवट ऐकलात ना? मी तर हुंदके देऊन रडले!"

"मेहुणा खुनी निघाला म्हणून?"

"मेहुण्याचं काय घेऊन बसलात!"

"मग आहे काय त्यात? नुसता पंचनामा. पुस्तक साफ वाया गेलं."

बाईंनी बाटली टेबलावर जरा जोरातच ठेवली. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," असं म्हणून त्या तरातरा जिना उतरून गेल्या. पुढची बाटली आणायला भाऊ दुकानात गेला तेव्हा त्यांनी ती तोंड फिरवून दिली.

ताईने तर जुने भागही कपाटातून काढायला लावले. "डोळ्यांच्या दवाखान्यात देऊन टाक. बघवत नाहीत मला." पट्टीतून काहीच दिसत नसताना तिने हे म्हटलं, तेव्हा मात्र भावाने शेवटचा भाग पिशवीत न टाकता आपल्या बॅगेत ठेवला.

पिशवी दवाखान्यात पोचवून तो कचेरीत आला. जेवणाच्या सुट्टीत त्याने शेवटचं प्रकरण उघडलं. बाई एवढ्या रडल्या कशासाठी?

इतक्या भागांत कधीही न वापरलेली स्टेपनी अखेर बाहेर निघाली होती. तिने पहिल्यांदा उजेड पाहिला. ज्याचा नुसता आवाज ओळखीचा, त्या टॅक्सीवाल्याचे ग्रीस लागलेले हात पाहिले. मग ओला रस्ता, दुकानांचे दिवे, आपल्यासारखीच धावणारी शेकडो चाकं. ती वेड्यासारखी बडबडत होती. एकेका खड्ड्याचंही तिला कौतुक वाटत होतं. भावाने ताईला हे सगळं असं वाचून दाखवलं होतं: "मग चाक बदलून ते पोलीस ठाण्यात पोचले."

संध्याकाळी तो ताईसमोर उभा राहिला. "ताई, लेखक थकला नव्हता."

ताईला लगेच उमगलं. "किती गाळलंस?"

"खून सोडून... जवळजवळ सगळंच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "किती वर्षं वाट बघितली रे मी," एवढंच ती म्हणाली.

"परत वाचतो. एक शब्द सोडणार नाही."

"राहू दे. आता कळलंय सगळं."

रात्रभर तळमळून भाऊ सकाळी आधी औषधांच्या दुकानात गेला. त्याने बाईंना खरं काय ते सांगितलं आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली. तिथून दवाखाना गाठला. दुपारी घामाघूम होऊन पिशवीसकट घरी परतला.

"सगळे आणलेस?" ताईने विचारलं.

"पहिला राहिला. एक बाई वाचत होत्या. त्यांचा नंबर पुकारला तरी उठेनात. एकट्याच हसत होत्या गं. मला मागवेना."

ताई पुढे सरकली. "कुठवर आल्या होत्या?"

"टॅक्सीवाल्याचं लग्न मोडतं तिथे. त्यांनीच सांगितलं."

"म्हणजे नुकतीच सुरुवात." ताईच्या आवाजात उघड हेवा होता. "नशीबवान आहे बाई. सगळं वाचायचंय अजून तिला."

भावाने मान खाली घातली आणि शेवटचा भाग हातात घेतला.

"तो ठेव," पानांची सळसळ ऐकून ताई म्हणाली. "दुसरा भाग काढ. तिथून क्रमाने वाच."

"अगं, पण ते तर तुला पाठ आहेत!"

"मला आहेत," ताई उशीला टेकत म्हणाली. "तुला कुठे आहेत?"