बांधापलीकडच्या ब्लूबेरी

आर्डिथ वेंट्झेलच्या ब्लूबेरी आपण तोडल्या नाहीत, हे एल्टन मॉसमनला पक्कं ठाऊक होतं. खालच्या कोर्टाला मात्र ते पटलं नाही. आर्डिथ त्याची चाळीस वर्षांची शेजारीण, गावच्या पोस्टातून निवृत्त झालेली. तिने शांतपणे साक्ष दिली, "ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चारला, एल्टन नारिंगी टोपी घालून माझ्या जमिनीत बेरी तोडत होता. मी खिडकीतून बघितलं."

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?" आर्डिथच्या वकिलाने एल्टनला विचारलं. एल्टनने खूप डोकं खाजवलं, पण त्याला काही आठवेना. न्यायाधीशांनी आर्डिथवर विश्वास ठेवला आणि तिच्या परवानगीशिवाय त्याने दोघांच्या जमिनींमधला दगडी बांध ओलांडू नये, असा हुकूम दिला.

पंधरा दिवसांनी फ्रिजमधून दूध काढताना एल्टनला दारावर चिकटवलेला फोटो दिसला. चर्चच्या जेवणाचा. मागे त्या शनिवारच्या तारखेचा फलक, भिंतीवरच्या घड्याळात चार, आणि पुढे तोंडात मासा घातलेला एल्टन.

तो फोटो घेऊन तो आपल्या वकीलबाईंकडे, मिस कॉनरॅडकडे गेला. "आता अपिलात सगळं पहिल्यापासून सांगतो."

"अपिलात तुम्ही काहीच सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिथे साक्षी होत नाहीत. खाली जे बोललं गेलं, तेच कागद वाचतात."

"पण खाली मला काही आठवलंच नव्हतं."

"तेच वाचतील."

हॅलिफॅक्सच्या अपील कोर्टात तीन न्यायमूर्ती बसले होते. मिस कॉनरॅडनी फोटो दाखल करण्याची परवानगी मागितली.

"हा खटल्याच्या वेळी कुठे होता?" मधल्या न्यायमूर्तींनी विचारलं.

"अपीलकर्त्याच्या फ्रिजवर."

"म्हणजे तेव्हा सहज सापडला असता."

"फ्रिजवरचं कोण बघतं, साहेब?" एल्टन उभा राहून म्हणाला. त्याला खाली बसवण्यात आलं.

मधल्या सुट्टीत आर्डिथने तो फोटो मागून घेतला आणि बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

"तू इथे मासे खात होतास, तर माझ्या शेतात कोण होतं?"

"मला काय विचारतेस? बघितलंस तू."

"टोपी तुझीच होती."

"ती मी तुझ्या भावाला, व्हर्ननला दिली होती, होडी रंगवताना."

आर्डिथ बाकावर बसली. "व्हर्ननने त्या संध्याकाळी बादलीभर बेरी आणून दिल्या होत्या. मी त्यांची गोड पाई भाजली." तिने फोटो परत दिला. "तुझ्यावरची तक्रार मी तीच पाई खात लिहिली, एल्टन."

सुट्टी संपताच स्वतःच्या वकिलाचा हात झटकून ती उठली. "साहेब, मी चुकले. तो एल्टन नव्हता."

तिन्ही न्यायमूर्तींनी एकमेकांकडे पाहिलं. "बाई, तुमची साक्ष आमच्यासमोर कागदावर आहे. खालच्या न्यायाधीशांनी तुम्हाला प्रत्यक्ष ऐकलं आणि विश्वास ठेवला."

"पण माझाच माझ्यावर विश्वास नाही."

"तसं असेल तर वकिलांनी बाहेर बसून तडजोड करावी. आम्ही इथे नवी साक्ष ऐकत नाही."

बाहेर दोन्ही वकिलांनी दोन मिनिटांत कागद तयार केला. एल्टनने सही करायला नकार दिला. "तडजोड नको. मी निर्दोष आहे, हे त्या तिघांनी म्हणायला हवं."

सहा आठवड्यांनी निकाल आला. फोटो वेळेवर सादर केला नाही, खालच्या निष्कर्षात उघड चूक दिसत नाही, अपील फेटाळलं.

त्या दिवशी आर्डिथ बांधाशी आली. "ये इकडे. बेरी पिकल्यात, हव्या तेवढ्या ने."

"हुकूम आहे."

"जमीन माझी आहे. मी परवानगी देतेय ना?"

एल्टनने जपून बांध ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्या जमिनीवर उभा होता. त्याने एक बेरी तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि तोंड वाकडं केलं.

"या?" तो म्हणाला. "या आंबट बेरींसाठी मी वर्षभर चोर ठरलो?"

आर्डिथचा चेहरा बदलला. या बेरी तिच्या आईने लावलेल्या होत्या. "परवानगी रद्द," ती म्हणाली. "चालता हो."

एल्टन हलला नाही. आपलं काय चुकलं, हे त्याला कळेना. त्याने आणखी एक बेरी तोडून खाल्ली, खात्री करायला, आणि खालच्या कोर्टाचा निकाल अखेर बरोबर ठरला.