दत्तोपंतांचा घडीपट

दत्तोपंत पहिल्यांदा आमच्या घरी आले ते स्वतःची खुर्ची काखेत मारून.

मी "या, बसा" म्हणून आमची खुर्ची पुढे केली. त्यांनी वाकून ती खालून पाहिली, पाठीवर टिचकी मारली आणि एखाद्या वैद्याने रोग्याच्या नातेवाइकांना विचारावं तसं हळूच विचारलं,

"हिची घडी होते का?"

"नाही बुवा."

"अरेरे!" ते म्हणाले आणि काखेतली खुर्ची खाली ठेवून तिचा एक खटका दाबला. खुर्ची उघडली. दत्तोपंत ऐटीत बसले. "हे पाहा मास्तर. उघडलं की दरबार, मिटलं की दप्तर!"

हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या शेजारची जागा त्यांनी भाड्याने घेतली होती. एकटेच राहायचे. सोलापुरातल्या एका गिरणीत लुगड्यांच्या काठांचे नमुने काढण्याचं काम करायचे. दिवसभर चौकड्यांच्या कागदावर कुयऱ्या आणि मोर भरून घरी आले, की उरलेला वेळ त्यांचा स्वतःचा; म्हणजे दिसेल त्या वस्तूची घडी कशी होईल याचा विचार करण्याचा. त्यांचा पाट मिटायचा, चौरंग मिटायचा, भिंतीवरचा देव्हारासुद्धा मिटायचा. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "या माणसाच्या घरचा देव सकाळी जागा होत नाही, उघडतो."

त्यांची हातातली काठीही मिटणारी होती. एकदा भर बाजारात गिरणीचा मोठा गोरा साहेब समोरून येत असताना ती आपण होऊन मिटली. दत्तोपंत काठीच्या आधाराने चालले होते, ते काठीबरोबर थेट जमिनीपर्यंत वाकले. एवढा लांबलचक मुजरा साहेबाला हिंदुस्थानात आल्यापासून कुणी केला नसावा. त्याने टोपी काढली आणि खुशीत हसत निघून गेला. दत्तोपंत धोतर झटकत उठले आणि मला म्हणाले, "पाहिलंत? मिटणाऱ्या वस्तूने माणसाचं कधी नुकसान होत नाही."

त्या सुमारास सोलापुरात कॅरम नवानवा आला होता. गिरणीतल्या कारकून मंडळींनी एक फळा आणून टेबलावर मांडला. दत्तोपंत तो पाहून आले ते थेट आमच्या ओसरीवर.

"मास्तर, खेळ उत्तम आहे. पण केवढं ते धूड! दार काढून आडवं टाकल्यासारखं. आणि आवाज? खटाखट, खटाखट! तांबटाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं."

"खेळ म्हटला की आवाज व्हायचाच."

"का व्हायचा?" ते एकदम उसळून म्हणाले. मग खाली पाहून पुटपुटले, "घरातल्या घरात खेळायचा खेळ. घरातल्यांनाही कळता कामा नये."

मी हसलो. त्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी निंगप्पा सुताराला बोलावून आणलं. निंगप्पा अक्कलकोटकडचा. रागावला की कानडीत बोलायचा आणि दत्तोपंतांच्या घरी आला की बहुधा कानडीतच बोलायचा. दत्तोपंतांनी त्याला खेळ समजावून सांगितला. एक चौकोनी पट. चार कोपऱ्यांत चार कापडी पिशव्या. मधोमध एक छोटा किल्ला. बोटाने मोहरा टिचकवायचा आणि किल्ल्याला वळसा घालून पलीकडच्या पिशवीत पाडायचा. दोघं असली तर दोन-दोन पिशव्या वाटून घ्यायच्या.

"आन् येकटंच आसलं तर वो?" निंगप्पाने विचारलं.

"तर चारी पिशव्या आपल्याच. कुणाची वाट बघायला नको."

"बरं. मग मोटा पाट करू की चांगला."

"मोठा नाही! पोथीएवढा. उघडला की खेळ, मिटला की पोथी. लाल कापडात बांधता आला पाहिजे."

निंगप्पाने कपाळाला हात लावला. "मालक, मला येक सांगा. ह्ये खेळायचं हाय, का पुजायचं हाय?"

पहिला पट तयार झाला तो बिजागऱ्यांचा. दिसायला देखणा. पण बिजागरीपाशी उंचवटा होता. मोहरा तिथवर गडगडत जायचा आणि घोड्यासारखा उडी मारायचा. आमच्याकडे पहिला डाव मांडला तेव्हा एक मोहरा माझ्या चहात पडला आणि एक कोनाड्यातल्या गणपतीच्या पुढ्यात जाऊन बसला. "देवाला नैवेद्य पावला," असं म्हणत दत्तोपंतांनी तो उचलला आणि पट घेऊन परत सुताराकडे गेले.

दुसरा पट छत्रीच्या काड्यांचा होता. खटका दाबला की छत्रीसारखा आपोआप उघडायचा. या पटावर दत्तोपंतांचा इतका जीव जडला, की रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर त्यांनी चार माणसं जमवली. समोर मध्यभागी तात्यासाहेब वकील. तात्यासाहेबांच्या मिशा म्हणजे आमच्या पेठेचं भूषण होतं. टोकं वर वळवून तूप लावून बसवलेल्या. पट जवळून पाहावा म्हणून ते पुढे वाकले.

"आता लक्ष द्या हं," दत्तोपंत म्हणाले, "उघडलं की दरबार—"

फटाक! पट उघडला. सगळे मोहरे एकदम उडाले. माझ्या डोक्यावरची टोपी गेली. कोपऱ्यातलं मांजर भिंत चढू लागलं. आणि मिटलं की दप्तर हे सांगण्याच्या आत पट पुन्हा मिटलासुद्धा, तो तात्यासाहेबांची डावी मिशी आत घेऊन.

"सोडा! सोडा म्हणतो ना!" तात्यासाहेब पटासकट उभे राहिले. "नोटीस देईन! फौजदारी करीन!"

निंगप्पा खाली बसून कानडीत देवाचा धावा करत होता. आमची मंडळी स्वयंपाकघराच्या दारात पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. आणि दत्तोपंत? ते गुडघ्यांवर बसून, तात्यासाहेबांच्या मिशीखालून पटाच्या कडेकडे डोळे लावून म्हणत होते, "वा! काय मिटलाय! सांध्यात केससुद्धा जाणार नाही!"

"केसच गेलाय!" तात्यासाहेब ओरडले.

शेवटी गोडेतेल लावून मिशी सोडवली. ती त्यानंतर महिनाभर तरी उजवीपेक्षा हलकी दिसत होती.

जमलेले लोक पांगल्यावर दत्तोपंत मोहरे वेचत बसले. आमच्या मंडळींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि तिथेच बसून सरळ विचारलं,

"भावोजी, हा खेळ कुणासाठी करताय?"

"अं? लोकांसाठी. घरोघरी—"

"लोकांना आवाज चालतो. पोथीएवढा कशाला हवा? लाल कापडात कशाला बांधायचा?"

मी इतके दिवस त्यांच्यासमोर बसत होतो. मला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. दत्तोपंतांनी हातातला मोहरा उगाच उलटसुलट केला.

"माझी धाकटी बहीण आहे वहिनी. यमू. सांगोल्याला असते." मोहरा खाली ठेवून ते म्हणाले, "लग्न झालं तेव्हा परकरी पोर होती. वर्ष व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. तेव्हापासून तिथेच. केस गेले, विधवेचं आलवण आलं. सासू वाईट नाही, पण जुन्या वळणाची. यमूच्या हातात पोथीशिवाय दुसरं काही दिसलं, की बोलणी बसतात. लहानपणी आम्ही दोघं सोंगट्या खेळायचो. मी एकदाही जिंकलो नाही."

ते हसले. आम्ही दोघं हसलो नाही.

"रोज तीच पोथी वाचते," ते म्हणाले. "म्हटलं, निदान दुपारचा वेळ…"

आमची मंडळी उठली आणि आतून घोंगडीचा एक जुना तुकडा आणि सुईदोरा घेऊन आली. "मोहऱ्यांना याच्या खोळी शिवू. आवाज कसा येतो बघते मी," ती म्हणाली. त्या दिवसापासून घडीपटाची सूत्रं तिच्या हाती गेली. काड्या आणि बिजागऱ्या तिने बाद केल्या. पातळ पट्ट्या शेजारीशेजारी मांडून जाड कापडावर चिकटवल्या आणि वरून गिरणीचं घट्ट विणीचं कापड ताणून बसवलं. पट पोथीच्या पानांसारखा दुमडू लागला. उघडला की सपाट. मोहरा त्यावरून असा घसरायचा, की मांजरसुद्धा मान वळवायचं नाही. दत्तोपंत दिवसभर तो उघडत आणि मिटत होते. निंगप्पा बघून म्हणाला, "बाईसायेब, तुमी आदीच का न्हाई आला वो? माझं निम्मं आयुष्य वाचलं आसतं की."

सांगोल्याला आम्ही तिघं सर्व्हिस मोटरने गेलो. दत्तोपंतांनी लाल कापडात बांधलेला पट सगळा रस्ता मांडीवर धरला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने पोथी समजून त्याला नमस्कार केला, तेव्हा यांनीही गंभीरपणे त्याला आशीर्वाद दिला.

यमूताईंच्या सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. अक्षरओळख नव्हती, पण नजर घारीची. यमूताई दाराआड उभ्या होत्या. लाल आलवणात, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. भावाला पाहून त्यांचे डोळे तेवढे हलले.

"काय आणलंस रे दत्तू?" आत्याबाईंनी विचारलं.

"पोथी."

"कुठली?"

दत्तोपंतांना जन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि घाम पुसत म्हणाले, "घ… घडी… घडीपुराण."

"घडीपुराण? आम्ही नाही कधी ऐकलं."

"नवीन निघालंय."

"पुराण नवीन?" आत्याबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. "मग वाच की. आम्हीही ऐकू."

दत्तोपंतांचा चेहरा मिटलेल्या छत्रीसारखा झाला. आता सगळं संपलं, असं मी मनात म्हटलं. एवढ्यात यमूताई पुढे झाल्या. "मी वाचते, आत्याबाई," असं म्हणून त्यांनी पट भावाच्या हातातून घेतला, चौरंगावर ठेवला आणि आत्याबाईंकडे पाठ करून लाल कापड सोडलं. पहिली घडी उघडली. दुसरी उघडली. कोपऱ्यातल्या पिशव्या दिसल्या, मधला किल्ला दिसला. त्यांचा हात क्षणभर तिथेच थांबला. मग त्या पोथीच्या चालीवर, मान डोलवत वाचू लागल्या.

"एका नगरात एक ब्राह्मण होता. त्याला वेड लागलं होतं. दिसेल त्या वस्तूची तो घडी घाली. पाटाची घातली, चौरंगाची घातली, देवाचीसुद्धा घातली. लोक म्हणाले, लग्न कर. तो म्हणाला, आधी सांगा, बायकोची घडी होते का?"

आमच्या मंडळींना ठसका लागला. आत्याबाईंनी हात जोडले होते.

"त्या ब्राह्मणाला एक बहीण होती. ती दूर गावी होती." यमूताईंचा आवाज जरासा खाली आला. "सगळ्याची घडी घालून झाली. बहिणीची आठवण मात्र काही केल्या त्याला मिटून ठेवता येईना."

 दत्तोपंत जमिनीवरच्या फरशीकडे पाहत होते.

"मग?" आत्याबाईंनी विचारलं.

"अध्याय संपला," यमूताई म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर आत्याबाई माजघरात आडव्या झाल्या आणि आतल्या खोलीत बहीणभावाचा डाव मांडला. मोहरे नुसते सरकत होते. कुणी बोलत नव्हतं. जिंकल्याची खूण भुवयांनी, हरल्याची ओठांनी. यमूताईंनी भावाला धुऊन काढलं. एक डाव, मग दुसरा. दत्तोपंत हरताना इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. शेवटचा मोहरा अवघड जागी होता. यमूताईंनी बोट लावलं, एक डोळा मिटला, आणि दारातून आवाज आला,

"कोपर उचलू नकोस यमे, नेम चुकेल."

 आत्याबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. दत्तोपंतांनी घाईघाईने पट मिटायला हात घातला, तो त्यांचंच बोट घडीत सापडलं आणि त्यांच्या तोंडून "आईगं!" अशी आरोळी निघाली. तेवढ्यात यमूताई हसल्या. तोंडावर हात दाबूनही ते हसू बाहेर आलं, खणखणीत, खोलीभर. हसता हसता पदर डोक्यावरून घसरला, तो सावरायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांचं त्यांनाच भान आलं आणि त्या भिऊन गप्प झाल्या.

आत्याबाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मुलगा गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या सावकाश आत आल्या आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या.

"पुराणच आहे ना हे, दत्तू?"

"हो," दत्तोपंत बोट चोखत म्हणाले.

"मग थोडं पुण्य मलाही लागू दे. सरक गं यमे."

त्यांचा पहिला मोहरा सरळ दत्तोपंतांच्या कपाळावर बसला. दुसरा कुठे गेला तो सापडलाच नाही. तिसऱ्यानंतर त्या दोघी सासवासुना आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि आम्ही तिघं त्या खोलीत आहोत हे विसरून गेल्या.

परतीच्या मोटरीत दत्तोपंतांच्या मांडीवर काही नव्हतं. हात कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं. आमची मंडळी म्हणाली, "भावोजी, केवढ्यानं हसल्या हो यमूताई!"

दत्तोपंत खिडकीबाहेरच्या उजाड माळाकडे पाहत होते.

"लहानपणी याहून मोठ्यानं हसायची," ते म्हणाले.