रंगाचा रकाना

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी दहा. तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा व्हरांडा. उपस्थित: मी (सचिव), सुधाकर घाटोळे काका, खजिनदार (चहा होईपर्यंत), बाहेरचे तीन जण आणि दोनशे बारा दगड.

पहिलं कामकाज: घाटोळे काकांनी एक दगड चाटला.

नवीन माणूस इथं दचकतो. आम्ही दचकत नाही. काका एका कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले, तेव्हापासून दर रविवारी ते इथं टेबल मांडून बसतात आणि लोकांना सापडलेले दगड ओळखून देतात. टेबलावर एक खिळा, एक चाकू, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, अर्धं लिंबू आणि फ्यूजच्या किटकॅटचा तुटका तुकडा. चिनी मातीच्या त्या खरबरीत कडेवर दगड घासला की रेघ उठते, आणि रेघ खोटं बोलत नाही, असं काकांचं म्हणणं. जीभ शेवटी. "चिकटला तर माती, खारट लागला तर मीठ. काईच नाई झालं तर आपला दगड."

छत्तीसगडात हिरे सापडतात, ही बातमी प्रत्येकाला माहीत असते. कुठे सापडतात ते कोणालाच नीट माहीत नसतं, म्हणून जो तो सहलीहून खिसा भरून येतो. त्या रविवारी एका डॉक्टरांनी रुमालात गुंडाळून मुठीएवढा चकचकीत हिरवा खडा आणला होता.

"काका, पन्ना है ना? कलर देखिए!"

काकांनी भिंग लावलं. "रंगावर जाऊ नका साहेब. अंदर बुलबुले देखो. दगडात बुडबुडे कुठून येतील? हे कारखान्याच्या भट्टीतलं स्लॅग आहे, लोखंड काढून उरलेली मळी. रस्त्यात भराव म्हणून टाकतात."

डॉक्टरांनी मळी पुन्हा रुमालात गुंडाळली आणि जपून घरी नेली.

'रंगावर जाऊ नका' हे वाक्य काका वांग्यांना, स्थळांना आणि निवडणुकीलाही लावतात. हॉलला कोणता रंग द्यायचा या बैठकीतही त्यांनी तेच सांगितलं होतं. ती बैठक अडीच तास चालली. इतिवृत्त मी लिहिलं. मी सहा वर्षं सचिव आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. एकदा मी काकांकडे हिरवी फाइल मागितली, त्यांनी लाल आणून दिली. दुसऱ्यांदाही तेच. माझ्या वहीत मी त्यांच्या नावापुढे 'लक्ष नसतं' असं लिहून ठेवलं.

आता मुद्दा. हॉलमधली काचेची आलमारी काकांच्या दगडांना द्यायची की योगवर्गाच्या चटयांना, असा वाद होता. मीच तोडगा काढला: ३१ डिसेंबरपर्यंत दगडांची यादी सगळ्या रकान्यांसह पूर्ण झाली तर आलमारी काकांची. नाहीतर दगड घरी. काकांचं घर म्हणजे गुढियारीत भाड्याच्या दोन खोल्या, आणि घरमालक आधीच म्हणतो की वजनानं फरशी खचेल. म्हणजे दगड गेले की रविवारचं टेबलही गेलं. ठराव मला फार नेटका वाटला होता.

लोक गेल्यावर मी रजिस्टर तपासायला घेतलं. अशी रजिस्टरं मला आमच्या ऑफिसातही बघायला मिळत नाहीत. क्रमांक, कुठे सापडला, कोणाला, वजन, काठिण्य, रेघ, नाव. काकांचं अक्षर मुंग्यांसारखं रांगेत. शेवटचा रकाना रंगाचा. तो मात्र वेगळ्या हातानं, गोल अक्षरात भरलेला.

'अबोली. उन्हात बघितला तर.' 'आमसुली, दोन धुण्यांनंतरचा.' 'चिंतामणीच म्हणा, पण फॉल जुळायचा नाही.' 'पोपटी, लग्नात मिरवणारा.'

मला हसू आलं. मग पान उलटलं. एकशे अठ्ठ्याऐंशीपासून पुढे रकाना कोरा.

"काका, पंचवीस दगडांचा रंगच नाही."

"रंगावर जाऊ नका, सेक्रेटरीबाई."

"मी नाही जात. ठराव जातो. पाच मिनिटांचं काम आहे, काहून ठेवलं?" थकले की माझ्या तोंडी नागपूर येतं.

काकांनी लोहचुंबक उचललं, खाली ठेवलं. मग दोन दगड माझ्यापुढे सरकवले. "यातला लाल कोणता?"

"हा काय, डावा. उजवा हिरवा."

"मले दोन्ही सारखेच दिसून राहिले."

मी दोन्ही दगड उन्हात धरून पुन्हा पाहिले.

"रेल्वेत लागलो असतो मी. डॉक्टरनं ठिपक्याचं पुस्तक उघडलं, म्हणे आकडा वाच. आकडा होताच कुठं? घरी आलो तं बाईनं सांगितलं, कोनाले बोलू नको, मी आहे ना."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, विमलबाई. इथल्याच मॅचिंग सेंटरमध्ये त्यांनी तीस वर्षं ब्लाउजपीस आणि फॉल जुळवून दिले. संध्याकाळी घरी येऊन भावाच्या दगडांचे रंग त्या लिहीत. आंबा पिकला का, शर्ट कोणता घालायचा, हेही त्याच सांगत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. एकशे अठ्ठ्याऐंशीवर लिहिलं होतं: 'महादेवघाट. सापडला: स्वतःला.' काका बाईंच्या अस्थी घेऊन गेले होते तेव्हाचा दगड.

वहीतलं 'लक्ष नसतं' मी खोडलं. पेन घेतलं.

"द्या इकडे. हिरवा. हा लाल. हा…"

"कसा हिरवा?"

"कसा म्हणजे? हिरवा."

"अवो, बाई सांगे तं मले समजे. हिरवा म्हंजे कसा?"

पाच मिनिटांच्या कामाला तीन बैठका लागल्या. मी आयुष्यात इतकं कशाकडे बघितलं नसेल. 'शेवाळी, टाकीच्या काठावरचा.' 'विटकरी, पावसाआधीचा.' काका डोळे मिटून ऐकत, दगड हातात फिरवत आणि मान हलवत. पटलं नाही तर नुसते थांबत. चोवीस झाले.

एकशे अठ्ठ्याऐंशी काही जमेना. हिरवट म्हणावा तर करडा, सावलीत किंचित जांभळा. शेवटी तो पर्समध्ये टाकून मी त्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. तिथल्या मुलीनं काउंटरवर वीस तागे उलगडले आणि एकविसावा दगडाशेजारी ठेवला. हुबेहूब.

"मिल गया दीदी! कितना दूँ?"

"रंगाचं नाव काय?"

तिनं ताग्याची चिठ्ठी पाहिली. "नाम नहीं है. चार सौ सत्रह नंबर. नाम तो पहले विमल दीदी रखती थीं, अब सब नंबर से चलता है."

मला नंबर आवडतात. चार एक सात लिहिलं असतं तर रकाना भरला असता. पण 'चार एक सात म्हंजे कसा?' असं काका विचारणारच. ब्लाउजपीस तेवढं घेतलं.

आज ३० डिसेंबर. आलमारी पुसली, कागद अंथरले, किल्ली करून आणली. चटयांना जिन्याखाली जागा दिली, ठराव काहीही म्हणो. ब्लाउजपीस खिडकीत टांगलंय, येता-जाता बघते.

क्र. १८८, रंग: बाकी.