पंपाच्या बापाचं नाव

माझ्या लग्नाची पत्रिका भोयरजींनी लाल पेन्सिलीनं खुणा करून परत केली होती. खाली शेरा: 'वराच्या वयाचा दाखला जोडलेला नाही.' लग्नाला मात्र आले आणि जिलबी दोनदा मागून घेतली.

नागपूरच्या आमच्या कचेरीत ते अर्ज तपासायचे. मी शेजारच्या टेबलावर. कधीकाळी रेशनकार्डाच्या अर्जांसाठी त्यांनी एका पुठ्ठ्यावर नऊ नियम लिहिले. पुढे खाती बदलली, साहेब बदलले, अर्ज बदलले, पुठ्ठा तोच.

"भोयरजी, प्रत्येक अर्जाचे नियम वेगळे नकोत का?" मी एकदा विचारलं.

"काहून? माणूस तोच, बेइमानी तीच. मंग नियम काहून बदलवाचे गा?"

कुहीचा एक शेतकरी विहिरीवरच्या पंपाचा अर्ज घेऊन आला. भोयरजींनी पुठ्ठ्यावरच्या पहिल्या नियमावर बोट ठेवलं.

"पंपाच्या बापाचं नाव?"

"कंपनीचं लिहू का जी?"

"लिव्हा. अंगावर काही खूण?"

"मागून चेपला हाये."

झालं, अर्ज पास! शेतकरी खूश, भोयरजी खूश, आणि मी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधण्याचं सोंग करून हसतोय. रकान्यात 'लागू नाही' लिहिणाऱ्यांची मात्र खैर नसे. त्यांना ते दहादा जिने चढायला लावत.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. कागद नाकाला लावून वाचू लागले. डॉक्टरांनी बजावलं, याच महिन्यात ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल. दवाखान्याचा अर्ज मीच आणून दिला. तर या गृहस्थानं तो तीनदा अपुरा ठरवला! स्वतःचाच अर्ज! महिना संपायला चार दिवस उरले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अहो, आंधळं व्हायचंय का तुम्हाला? काय चुकलंय त्यात?"

"रकाना रिकामा हाये."

रकाना होता जवळच्या नातेवाइकाच्या सहीचा.

"मग घ्या ना कोणाची तरी!"

"कोनाची घेऊ गा? बायकोले जाऊन एकोणीस वर्षं झाली. लेकरू नाही. अन् तिथं 'लागू नाही' लिवाले हात होत नाही."

अकरा वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो, त्याच्या गोष्टी घरी रंगवून सांगितल्या. पण घरी कोण असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली हो मला. अर्ज ओढला, सही ठोकली आणि नात्यापुढे लिहिलं: धाकटा भाऊ.

त्यांनी कागद नाकाशी धरला.

"आडनाव जुळत नाही गा."

"नसू द्या."

लाल पेन्सिल त्यांनी खिशात ठेवली, कागद मात्र तोंडासमोरच. मग त्यामागून आवाज आला.

"दवाखान्यात डबा तुह्याच घरून येईन ना? मंग घरी सांगून ठेवजो. मले कारलं चालत नाही."