गायासानला गेलेलं डोकं

रविवार, नऊ मार्च. सकाळचे सहा चाळीस. उल्सान शहर, फुटबॉल मैदानामागचा वाहनतळ. तापमान शून्याखाली दोन अंश. उभ्या बस अकरा. अकराही पांढऱ्या, अकराही बसना जांभळे पडदे, आणि प्रत्येकीसमोर तीच ती माणसं: नाकापर्यंत ओढलेला रुमाल, डोळ्यांवर काळा चश्मा, अंगात हिमालय पालथा घालता येईल असं जाकीट. (चढायच्या होत्या तीन तासांत संपणाऱ्या टेकड्या. पण ते असो.)

या गर्दीत डंकन रीव्ह बर्फाची पेटी पोटाशी धरून उभा होता. पेटीत डुकराचं उकडलेलं डोकं होतं.

डोकं त्याच्या सासऱ्यांच्या पर्वत मंडळाचं. वर्षाच्या पहिल्या चढाईला डोंगराच्या देवापुढे डोकं मांडायचं, तांदळाची दारू ओतायची, साष्टांग नमस्कार घालायचा आणि यंदा कुणाचा पाय मोडू देऊ नकोस असं बजावायचं, ही रीत. पूजा चुकली आणि कुणी घसरलं, तर बोट अध्यक्षाकडे. सासरे पे मान-सू, वय एकाहत्तर, गोदीत एकतीस वर्षं क्रेन चालवलेले, जानेवारीत पहिल्यांदाच अध्यक्ष झाले होते. दोन मतांनी. पडलेला उमेदवार आता उपाध्यक्ष होता आणि अध्यक्षांचं काही चुकतंय का, हे बघण्याखेरीज त्याला दुसरं काम नव्हतं.

"जावईबुवा, डोकं तुम्ही आणायचं," सासऱ्यांनी सांगितलं होतं. "आणि हसरं बघून घ्या. रडकं मांडलं तर वर्ष रडत जातं."

बायकोने, हे-रिमने, निघताना दारात पुन्हा बजावलं. "बाबांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा तुमच्यावर काहीतरी सोपवलंय. पेटीतलं डोकं जपा. तुमचं नाही आणलंत तरी चालेल."

डंकन मूळचा न्यूझीलंडचा. गोदीत जहाजांचा रंग तपासतो. चारशे फूट लांब पत्र्यावरचं सुईच्या टोकाएवढं छिद्र त्याला दिसतं, आणि ते दिसलं की तो शंभर माणसांचं काम थांबवतो. अशा माणसाला बसच्या काचेवरचा हातभर फलक वाचावासा वाटला नाही, याचा जाब खरं तर पहिल्यांदा त्यालाच विचारायला हवा.

पण त्याचं असं झालं, की एका बसच्या दारातून एक मावशी ओरडल्या, "अगं बाई, आला बघा! अरे, थंडीत काय उभा राहिलास? पेटीत काय आहे?"

"डोकं."

"हसरं आहे ना?"

"हसरं आहे."

"मग चढ की मेल्या!"

डंकनची खात्री पटली. हसरं आहे का विचारतात म्हणजे आपलीच माणसं. (त्या महिन्यात निम्मं शहर हसरं डोकं शोधत होतं. बाजारात रडक्यांना कुणी विचारत नव्हतं.) सासरे दिसेनात, पण ते पुढच्या चौकात चढणार होते. पेटी बसच्या पोटात गेली, डंकन शेवटच्या सीटवर, आणि त्याच्या शेजारी मावशी. नाव बोंग-जा. बस हलायच्या आत त्यांनी त्याच्या हातावर गरम तांदळाची वडी ठेवली, मग भाताची गुंडाळी, मग दोन संत्री, मग सुकवलेल्या माकुळाचा एक पाय.

"वय किती?"

"चव्वेचाळीस."

"लग्न?"

"झालंय."

"मुलं?"

"नाहीत."

"का?"

उत्तर द्यायच्या आत मावशींनी त्याच्या तोंडात उकडलेलं अंडं सारलं. या देशात प्रश्न असेच विचारतात. उत्तराची कुणाला घाई नसते, पण माणूस उपाशी राहता कामा नये.

"आणि आलास कुणाबरोबर?"

"मी अध्यक्षांचा जावई," डंकन अंड्याआडून म्हणाला.

पुढच्या सगळ्या माना वळल्या. मग एकदम गलका.

"अध्यक्ष! बोलला नाहीत कधी!"

"पोरगी उजवली आणि आम्हाला साधं ताटसुद्धा नाही?"

पहिल्या सीटवरून या मंडळाचे अध्यक्ष चो ग्यू-बोक उठले. त्यांना मुलगी एकच. छत्तीस वर्षांची, बुसानला दातांची डॉक्टर, लग्नाचा विषय काढला की फोन आपटणारी. त्यांनी हातात माइक घेऊन मागच्या सीटवरच्या पिवळ्या दाढीकडे पाहिलं. दाढीत अंड्याचा बलक होता. चाळीस मतदारांसमोर 'मला ठाऊक नाही' म्हणायची सोय कुठल्याच अध्यक्षाला नसते.

"आत्ताच," ते माइकवर म्हणाले, "आत्ताच झालंय."

टाळ्या पडल्या. चोंनी खाली वाकून मुलीला फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "पिवळ्या दाढीचा कोण गं?" मुलीने फोन आपटला. ही कबुलीच, असं त्यांनी धरलं.

माइकवर बोलणारे अध्यक्ष म्हणजे सासरेच, असं डंकनने धरलं; मागच्या सीटवरून चेहरा बघायची सोय नव्हती. पुढे नुसत्या टोप्या आणि रुमाल. पोट भरलेला डंकन पडद्याला टेकून झोपला तो थेट डोंगराच्या पायथ्याशी जागा झाला. लांब टेबल मांडलेलं. सफरचंदं, वड्या, दारू, आणि मधोमध त्याचं हसरं डोकं. त्याच्या शेजारी आणखी एक. तेही हसरं.

"दोन?" त्याने विचारलं.

"एकापेक्षा दोन बरी," मावशी म्हणाल्या. "जावयाने आणलेलं परत थोडंच नेतात?"

रुमाल-चश्म्यातल्या चोंनी त्याला हाताला धरून टेबलापुढे नेलं. दोघांनी शेजारी शेजारी जमिनीला डोकं टेकलं. खाली वाकल्या वाकल्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "ती जेवते ना वेळेवर?"

"जेवते," डंकन म्हणाला. (हे-रिम जेवायचीच.)

काळ्या चश्म्याआड म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आणि डंकनच्या खिशात हे-रिमचा फोन वाजला.

"अहो, आहात कुठे?"

"मंडळाबरोबर. पूजा चाललीय."

"कुठे चाललीय?"

"इथे. डोंगरापाशी."

"डोंगरापाशी बाबा आहेत, आत्ताच त्यांचा फोन होता. बाबांसमोर टेबल आहे. टेबलावर सफरचंदं आहेत. डोकं नाही आणि तुम्ही नाही. उपाध्यक्ष फोटो काढतायत. समोरचा कापडी फलक वाचा बघू."

डंकनने वाचला. पहिल्यांदाच.

"हे-रिम, बाबा आहेत ते जुवांगसान इथून किती लांब?"

"तुम्ही आहात कुठे?"

"गायासानला."

"दीडशे किलोमीटर," ती म्हणाली. "डोकं उचलून टॅक्सीत घाला."

डंकनने टेबलाकडे पाहिलं. डोक्याच्या तोंडात दक्षिणेची पाकिटं खोचली होती आणि बोंग-जा मावशी एक कान कापून वाटायच्या तयारीत होत्या.

"आता नाही येणार ते," तो म्हणाला.

मग तो चोंना बाजूला घेऊन खरं काय ते बोलला.

"बसमध्ये कुणाला सांगू नकोस," म्हातारा म्हणाला. "उल्सानला पोचेपर्यंत राहू दे जावई."

संध्याकाळी साडेसात वाजता डंकन मान खाली घालून सासरी हजर झाला. सासऱ्यांचं अध्यक्षपद गेलं, आता आपलं घर जातंय, अशा तयारीने. सासरे जमिनीवर मांडी घालून बसले होते, हातात वाटी, चेहरा लालबुंद, आणि हसत होते. नऊ वर्षांत ते जावयासमोर हसल्याची नोंद नव्हती.

"या जावईबुवा, या! झाली पूजा. झकास झाली."

"कशी?"

"पायथ्याच्या दुकानाबाहेर ते यंत्र असतं ना, आत नाणं टाकून पंज्याने बाहुल्या उचलायचं? त्यात गुलाबी डुक्कर होतं. हसरं! मी म्हटलं, जहाजांचे नऊशे टनांचे ठोकळे उचललेत मी, हे काय? चौदा वेळा सोडलं मेल्याने. उपाध्यक्ष मोठ्याने मोजत होता." सासऱ्यांनी वाटी खाली ठेवली. "तेवढ्यात मागच्या सीटवरचा तो पुढे आला. निळ्या टोपीवाला. शब्द नाही, काही नाही. एका झटक्यात डुक्कर बाहेर. टाळ्या! उपाध्यक्षानेसुद्धा नमस्कार घातला त्या बाहुलीला."

डंकन बाहुलीच्या यशावर खूश झाला, पण त्याला थोडं लागलंही. "बाबा, मी बसमध्ये नाही हे वाटेत कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"कसं येणार? खजिनदाराने तीनदा माणसं मोजली. अडतीस. यादीतही अडतीस."

"पण त्यात मी आहे!"

"तेच तर."

हे-रिमने फोनवरचा सामूहिक फोटो मोठा करून दाखवला. मधोमध सासरे. त्यांच्या उजव्या हाताला, जावयाने उभं राहायचं तिथे, निळ्या टोपीचा गृहस्थ, हातात गुलाबी डुक्कर.

"उतरताना माझी पिशवीसुद्धा त्यानेच धरली," सासूबाई आतून म्हणाल्या. "गुणी आहे हो."

"पण आहे कोण तो?"

सासऱ्यांनी सबंध आठवडाभर मंडळातल्या सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाला तो दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा वाटला होता. गायासानवाल्या चोंनाही विचारलं. त्यांची सगळी माणसं त्यांच्याच बसमध्ये होती. फोटो सासऱ्यांच्या दिवाणखान्यात लागला आहे, आणि पुढच्या मार्चसाठी डोकं आणायचं काम मंडळाने एकमताने निळ्या टोपीवाल्याकडे दिलं आहे. त्याचं नाव काय, तो कुठे राहतो आणि त्या सकाळी तो कुठे निघाला होता, हे आजतागायत कुणीही सांगितलेलं नाही.