जांभळा डबा

सासऱ्यांचे गच्चीवर काहीतरी चालले आहे, हे पौर्णिमेच्या लक्षात आले ते मुगवड्यांमुळे. दुपारी चारला ती वड्या उलटायला वर गेली, तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला रामराव मांडी घालून बसलेले. मांडीवर दोनशे पानी वही, कानावर पेन, डोळे मिटलेले, आणि तोंडात गाणे.

"शकुंतले, तुह्यासाठी गाडी लेट केली व,
हिरवी झेंडी हातामंधी तशीच राह्यली व."

सून दिसताच रामरावांनी वही बनियनमध्ये सारली आणि आभाळाकडे बघत म्हटले, "आज ऊन चांगलं हाये वड्यांले."

पौर्णिमेच्या मनात पाल चुकचुकली. सासूबाईंचे नाव गोदाबाई. शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, अमरावतीतल्या त्या अख्ख्या गल्लीत शकुंतला नावाचे कोणी नव्हते. मग सदुसष्ट वर्षांचा निवृत्त रेल्वे गार्ड टाकीमागे बसून कोणत्या शकुंतलेसाठी गाडी लेट करत होता?

पौर्णिमा मूळची सांगलीची. लग्न करून अमरावतीला येऊन तिला दीड वर्ष झाले होते. ती शाळेत गणित शिकवायची, आणि कोणत्या पोराने कोणाचे बघून लिहिले हे तिला पेपरावरची खाडाखोड बघूनच कळायचे. संशय हा तिचा स्वभाव नव्हता, तो तिचा व्यवसाय होता. दुसऱ्या दिवशी रामराव आंघोळीला गेले तेव्हा ती वही तिने गादीखालून शोधून काढली, सगळी पाने चाळली आणि होती तशी परत ठेवली. शकुंतलेच्या नाकात चमकी होती. शकुंतला भाकरी आणत होती. आणि शकुंतलेला बापही होता.

तिची झोप उडाली, ती सासूबाईंच्या काळजीने. चाळीस वर्षे ह्या बाईने ह्या माणसाचे डबे भरले, आणि हा म्हणे दुसरीच्या हातची भाकरी खातो! रात्रीच्या जेवणाच्या वेळी रामराव देवळात गेलेले बघून तिने विषय काढला.

"आई, शकुंतला कोण?"

गोदाबाईंचा घास तोंडाशीच थांबला. तिचा नवरा पियुष मात्र इतका जोरात हसला की त्याला ठसका लागला.

"अवं येडे, शकुंतला म्हणजे गाडी! मूर्तिजापूरची छोटी गाडी. बाबांनी जिंदगी काढली त्या गाडीवर. आता बंद पडून राह्यली ते. सांगलीवाल्यांले काय मालूम!"

"गाडी?"

"गाडीच त," गोदाबाई घाईघाईने म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. "दुसरं कोण राह्यते? ह्या वयात कोण पायते त्याह्यले?"

मग खुलासा झाला. येत्या रविवारी मूर्तिजापूरला निवृत्त रेल्वेवाल्यांचा मेळावा होता. त्यात 'रुळावरची गाणी' असा खास कार्यक्रम होता. ज्याने त्याने आपले आवडते रेल्वेचे गाणे म्हणायचे. बाकीचे सिनेमातली गाणी म्हणणार होते. रामरावांनी मात्र ठरवले होते, की आपली गाडी ती आपली, तिच्यावर परक्याचे गाणे कशाला? म्हणून स्वतःच रचायला बसले होते.

पौर्णिमेला हसू आले नाही. गणितात उत्तर बरोबर आले तरी ती पायऱ्या तपासायची.

"मग शकुंतलेसाठी गाडी लेट केली, म्हणजे? गाडीसाठी गाडी लेट?"

"क्रॉसिंग असंन," पियुष म्हणाला.

"आणि नाकात चमकी?"

"इंजिनाचा लाईट."

"आणि तिच्या हातची भाकरी? ठेच्यासकट?"

"अवं, नोकरीनं पोट भरलं, म्हणून भाकर. कविता हाये ते. कवितेत असंच राह्यते."

पौर्णिमेने शेवटचे अस्त्र काढले. "आणि शकुंतलेच्या बापाने दगड मारला, ते?"

पियुष जरा घोटाळला. पण हरेल तर तो वऱ्हाडी कसला! "गिट्टी उडाली असंन रुळावरची."

"आणि बाप?"

"बाप म्हणजे इंजिन. डब्यांचा बाप इंजिनच नाही का?"

गोदाबाई पाणी आणायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पौर्णिमेला वाटले, बिचारी आत रडत असेल. आणि पुढचा आठवडाभर घरात तिचीच चेष्टा सुरू झाली. भाजीत मीठ जास्त पडले की पियुष म्हणायचा, "शकुंतलेनं टाकलं असंन." शेजारच्या ललितावहिनींनासुद्धा त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. सासरी दीड वर्षात कमावलेली हुशार सून ही पदवी पौर्णिमा पंधरा मिनिटांत घालवून बसली, आणि तिला ते फार लागले.

शुक्रवारी फोन वाजला. रामराव दाढी करत होते, म्हणून पौर्णिमेने उचलला. पलीकडे देवमनकाका होते. शकुंतलेचे जुने ड्रायव्हर, रामरावांचे जिवलग, आणि मेळाव्याचे सूत्रसंचालक.

"सूनबाई का? रामरावले सांगजो, रविवारी शकुंतलेले संगं घेऊनच येजो म्हणा. तिच्याबिगर गाण्याले मजा नाही."

पौर्णिमेने फोन दुसऱ्या कानाला लावला. "काका, शकुंतलेला घेऊन यायचं?"

"हो मंग! चाळीस वर्सं झाले, पण तिचं नाव काढलं का तुहा सासरा अजून लाल होते. यंदा पयल्या रांगेत बसवू तिले."

फोन ठेवून पौर्णिमा थेट नवऱ्याकडे गेली. "गाडी पहिल्या रांगेत बसते का?"

"फोटो असंन गाडीचा. फ्रेम करून ठेवतीन खुर्चीवर."

"फोटो बघून ते लाल होतात?"

"तू गणिताची माणूस, तुले भावना नाही कळत," असे म्हणून पियुष ऑफिसला निघून गेला. पौर्णिमेने मनाशी ठरवले, रविवारी आपण सासूबाईंच्या शेजारची खुर्ची सोडायची नाही. ती बाई आलीच, तर काय करायचे ते तिथेच ठरवू.

रविवारी पियुषने गाडी काढली. रामराव पुढे बसले, अंगात जुना काळा कोट, गळ्यात शिट्टी. बडनेरा सोडल्यापासून ते ओठातल्या ओठात पुटपुटत होते आणि मध्येच तळहातावर पेनाने काही लिहून घेत होते.

"काय लिहून राह्यले?" गोदाबाईंनी मागून विचारले.

"शेवटचं कडवं. आत्ताच सुचलं."

गोदाबाईंनी नवे हिरवे लुगडे नेसले होते आणि केसात मोगरा माळला होता. नवऱ्याच्या दुसरीवरच्या गाण्याला ही बाई गजरा माळून निघाली आहे, हे पौर्णिमेला बघवेना. तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला. गोदाबाईंना काही समजेना, पण त्यांनीही धरून ठेवला.

मंगल कार्यालयात पन्नाससाठ खुर्च्या होत्या. पौर्णिमेने आधी पहिली रांग तपासली. फ्रेम केलेला फोटो कुठेच नव्हता. होती ती एक गोरी, ठसठशीत, साठीची बाई. तिच्या नाकात चमकी होती. रामरावांना बघताच ती बाई तोंडभर हसली आणि म्हणाली, "या या गार्डसाहेब! तुमचीच वाट पाहून राह्यलो."

पौर्णिमा झटकन पुढे झाली. त्या बाईच्या आणि सासूबाईंच्या मधल्या खुर्चीवर बसून तिने पर्सही मध्ये ठेवली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही मागच्या रांगेत बसलात तर बरं होईल, शकुंतलाबाई."

"मी बेबीताई," बाई गोंधळून म्हणाली. "चहाचं कॅन्टीन होतं आमचं स्टेशनवर. शकुंतला तिकडं हाये ना." तिचा हात गोदाबाईंच्या दिशेने गेला. पण गोदाबाईंच्या पलीकडेच भिंतीवर छोट्या गाडीचे मोठे चित्र टांगलेले होते, तेव्हा पौर्णिमेला वाटले बाई चित्रच दाखवते आहे. म्हणजे खरी शकुंतला अजून यायची होती.

कार्यक्रम सुरू झाला. एकाने बोगद्याचे गाणे म्हटले, एकाने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला आणि दम लागून खाली बसला. मग देवमनकाकांनी माईक घेतला. "आता आपले रामराव. गाणं स्वतःचं, चाल स्वतःची, आन शकुंतलाही स्वतःचीच!"

सभागृहात हशा पिकला. पौर्णिमेचे कान तापले. म्हणजे हे सगळ्या गावाला ठाऊक होते तर! रामरावांनी शिट्टी फुंकली आणि सुरू केले.

"नाकामंधी चमकी तुह्या दुरून चमकते व,
तुले पाहून सिग्नलचीही मान लवते व.

तुह्या हातची भाकर खाल्ली, ठेचा लागला व,
पाणी पेता पेता गार्ड मांगंच राह्यला व."

टाळ्या पडू लागल्या. गोदाबाईंनी मान खाली घातली, त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत, पौर्णिमेची खात्री झाली.

"तुह्या बापानं मारला गोटा, नेम नाही चुकला व,
टोपीखाली टेंगूळ घेऊन गार्ड नाही झुकला व."

आता मात्र हद्द झाली. पौर्णिमा उभी राहिली. "थांबवा, बाबा! आईंसमोर तरी हे गाणं नको."

टाळ्या बंद पडल्या. पियुषने दोन्ही हातांनी तोंड झाकले. रामरावांची शिट्टी छातीवर लोंबकळत राहिली. देवमनकाकांनी माईक पुन्हा हातात घेतला आणि खरोखरच न कळून विचारले, "काहून व सूनबाई? तिचंच त गाणं हाये."

"कोणाचं?"

"तुह्या सासूचं. लग्नाआधी शकुंतलाच नाव होतं तिचं."

पौर्णिमेने सासूबाईंकडे बघितले. गोदाबाई रडत नव्हत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होत्या.

मग देवमनकाकांनीच सगळे सांगून टाकले. अंजनगाव लाईनवरच्या एका हॉल्टवरून शकुंतला नावाची पोरगी रोज शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला शिवणक्लासला यायची. गार्डसाहेब तिच्यासाठी गाडी मिनिट दोन मिनिटे थांबवायचे. ती भाकरी आणायची. एकदा गार्डसाहेब भाकरी खात बसले आणि गाडी त्यांना सोडूनच निघाली, ती देवमनकाकांना फाटकावरून उलटी आणावी लागली. बापाला कळले तेव्हा त्याने गोटाही मारला, आणि पुढे त्याच माणसाला मुलगी दिली. लग्नात रामरावांच्या आईने हट्ट धरला, की सुनेचे नाव बदला. नाहीतर लोक जन्मभर म्हणतील, रामरावने गाडीशीच लगीन लावले. तांदळाच्या ताटात अंगठीने 'गोदावरी' असे लिहिले, आणि शकुंतला संपली.

"आई!" पियुष ओरडला. "तू मले कधी सांगितलं नाही! मामा तर तुले नुसतं बाई म्हणते."

"काय सांगू? पोरासमोर, सुनेसमोर?" गोदाबाई लाजून म्हणाल्या. "तू म्हटलं गाडी, म्या म्हटलं गाडीच."

"म्हणजे माझं बरोबर होतं," पौर्णिमा म्हणाली. "शकुंतला बाईच होती!"

"आन बाप म्हणजे इंजिन नोतं," बेबीताईंनी भर घातली, कारण तो किस्सा ललितावहिनींकडून इथवर पोचला होता. आता चेष्टा होण्याची पाळी पियुषवर आली. पौर्णिमेला आठवडाभराने पहिल्यांदा बरे वाटले. इतके बरे वाटले, की तिने स्वतःच टाळ्या वाजवून म्हटले, "म्हणा बाबा, पुढचं म्हणा!"

रामराव फुलले. गोदाबाईंनीही पदर सोडला, मान वर केली, आणि चाळीस वर्षांनी आपले जुने नाव ऐकायला नीट सरसावून बसल्या. रामरावांनी तळहातावरचे कडवे बघितले, डोळे मिटले आणि सूर लावला.

"जांभळं पातळ नेसून तू फाटकाजवळ होती व,
गाडी गेली म्होरं, माही नजर मांगंच होती व!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोदाबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र हळूहळू उतरले. टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारले, "जांभळं पातळ कोणाचं?"

"तुहंच, दुसऱ्या कोणाचं?"

"माह्यापाशी जांभळं पातळ कधीच नोतं. आन मी गाडीच्या आत राह्यत होती. फाटकाजवळ कोण उभी राह्यत होती?"

रामरावांनी देवमनकाकांकडे बघितले. देवमनकाकांना अचानक माईकच्या वायरीत काहीतरी बिघाड दिसला आणि ते खाली वाकले. सासऱ्यांच्या कपाळावर घाम बघून पौर्णिमेला दया आली. एवढा जीव लावून गाणे रचलेला माणूस असा उघडा पडू नये, असे तिला मनापासून वाटले.

"आई," ती हळूच म्हणाली, "कविता आहे ती. जांभळं पातळ म्हणजे... डब्याचा रंग असेल."

"हो हो, डब्याचा रंग!" रामराव घाईने म्हणाले. "जांभळाच होता आपला डबा!"

"तू चूप राय व पोरी," गोदाबाई म्हणाल्या. "मी तीन वर्सं बसली त्या गाडीत. डबा लाल होता."

पहिले बक्षीस रामरावांनाच मिळाले, जुना पितळी हातकंदील. तो मांडीवर घेऊन ते परतताना पुढच्या सीटवर बसले आणि बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेरच्या तुरी बघत राहिले. मागे गोदाबाई सुनेच्या अगदी जवळ सरकल्या.

"पोरी, त्याह्यची चोपडी तू पायली होती ना? काय काय लिहून हाये तिच्यात?"

पौर्णिमेने पर्समधून फोन काढला. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो तिने त्या दिवशीच काढून ठेवले होते. पुढच्या सीटवर कंदील खडखडला.

"कुठून वाचू, आई? पहिल्यापासून?"

"नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "खोडलेलं पयले वाच."